केबिनमध्ये माणूस ठेवा: मल्टिप्लेक्स चालकांना एका जुन्या ऑपरेटरचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या मल्टिप्लेक्सचे मालक, चालक आणि व्यवस्थापक यांस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी माझ्या अकरा वर्षांच्या नातीला घेऊन तुमच्यापैकी एकाच्या थिएटरात गेलो होतो. कुणाच्या ते लिहीत नाही, कारण त्यानंतर मी मुद्दाम आणखी तीन ठिकाणी तिकीट काढून बसलो आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच पाहिलं. आमच्या काळात तुफान चाललेला एक सिनेमा पुन्हा लागला होता. आठ दिवस मी तिला सांगत होतो, की हा मोबाइलवर बघायचा नाही, टीव्हीवर बघायचा नाही, मोठ्या पडद्यावरच बघायचा. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, “आबा, छान होता. पण आपल्या टीव्हीवर जास्त स्वच्छ दिसतं.”

ती खरंच बोलत होती. म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी सिनेमाचा ऑपरेटर, म्हणजे प्रेक्षकांच्या मागच्या केबिनमधून मशिनवर सिनेमा दाखवणारा. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, 700 खुर्च्यांच्या थिएटरात 1981 साली रिळांच्या पेट्या उचलायला लागलो, पुढे लायसन काढलं आणि 2018 पर्यंत त्याच केबिनमध्ये उभा होतो. 2020 च्या मार्चमध्ये सगळ्यांबरोबर आमचंही थिएटर बंद झालं. 2021 च्या ऑक्टोबरात राज्यातली थिएटरं पुन्हा उघडली, तेव्हा आमच्याकडचं शटर काही वर गेलं नाही. आता आमच्या तालुक्यातल्या माणसाला मोठा पडदा बघायचा तर तीस-चाळीस किलोमीटर गाडी काढून तुमच्याच दारात यावं लागतं. तुमच्याकडे सिनेमा कसा दाखवला जातो, हा त्यामुळे आमच्या घरचा प्रश्न झाला आहे.

माझा मामा लालबागला राहायचा, गिरणीत साच्यावर होता. 1976 च्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला मुंबईला नेलं आणि लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात ‘शोले’ दाखवला. सिनेमा लागून वर्ष उलटून गेलं होतं, 1975 च्या 15 ऑगस्टपासून चालू होता, तरी मामाने तिकिटासाठी दोन फेऱ्या मारल्या होत्या. तोवर मी सिनेमा पाहिला होता तो जत्रेतल्या तंबूत. खाली माती, मागे जनरेटरचा आवाज, वारा आला की पडद्यावरचा हिरो पोटातून फुगायचा. आणि इथे? दिवे हळूहळू मंद होत गेले, समोरचा पडदा बाजूला सरकला, आणि तो सरकायचा थांबेचना. मला वाटलं एवढाच असेल, तर आणखी उघडला. घोड्यांच्या टापा डाव्या भिंतीकडून आल्या आणि उजव्या भिंतीत शिरल्या. नाणं पडल्याचा आवाज आला तशी आमच्या रांगेतली दोन-तीन माणसं वाकून खुर्चीखाली बघायला लागली. साच्यांच्या खडखडाटात वीस वर्षं काढून मामाला कमी ऐकू यायचं. ते नाणं त्यालाही ऐकू आलं. त्याने माझा दंड दाबला तो अजून आठवतो. पुढे त्या रिकाम्या झोपाळ्याची करकर आली, तेव्हा एवढ्या मोठ्या थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही.

मी ज्याला जादू म्हणतो ती ही. नंतर या धंद्यात आल्यावर कळलं, की तो सिनेमा चित्रित झाला होता 35 एमएम रुंदीच्या फितीवर, प्रिंट मोठी करून 70 एमएमची केली होती आणि तिच्या कडेला आवाजाच्या सहा चुंबकी पट्ट्या होत्या. ते कळल्यावर जादू कमी झाली नाही, उलट तिची किंमत कळली. कुणीतरी ती इतक्या मेहनतीने बनवली होती. आणि मिनर्व्हाच्या केबिनमध्ये कुणीतरी होता, जो वर्षभरानंतरही, रोजच्या रोज, पहिल्या दिवसासारखीच ती लावत होता. मला त्या माणसासारखं व्हायचं होतं.

आमच्याकडे सत्तर एमएम कधीच आलं नाही. आमची दोन मशिनं, आवाज एका पट्टीचा, पडद्यामागे एक भोंगा. एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. सुरुवातीला उजेड कार्बनचा होता: तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या समोरासमोर, मधे पेट घेतला की डोळ्याने बघवणार नाही असा पांढरा उजेड. कांडी जळत जाते तसं मधलं अंतर वाढतं. ते हाताने जुळवत राहायचं, नाहीतर पडद्याच्या एका बाजूला पिवळट सावली धरते. रीळ संपत आलं, की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका येतो, डोळा लवेपर्यंत जातो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशिनची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला, की चेंजओव्हर, म्हणजे पहिल्या मशिनवरून दुसऱ्यावर जायचं. खाली बसलेल्या 700 जणांपैकी एकालाही ते कळलं नाही तर काम झालं. चुकलं तर शिट्टी. पिटातून, म्हणजे पडद्याजवळच्या पुढच्या रांगांतून, एक शिट्टी आली, की माझा हात फोकसकडे जायचा, दुसरी आली की आवाजाकडे. शिट्टी हीच आमची तक्रारवही होती, आणि तिचं उत्तर पाच सेकंदांत द्यावं लागायचं.

केबिनच्या झरोक्यातून मी पडदा पाहिला त्याहून जास्त माणसं पाहिली. 1991 साली ‘माहेरची साडी’ लागला तेव्हा वाड्यावस्त्यांवरून बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, भाकरी बांधून यायच्या. दुपारच्या खेळाला बाल्कनीसुद्धा बायकांनी भरलेली. पडद्यावरचा उजेड परत फिरून त्यांच्या तोंडावर पडायचा आणि शेकडो ओले चेहरे एकदम चमकायचे. त्यातल्या कितीतरी जणींना घरी रडायलाही जागा नसेल, असं मला तेव्हाही वाटायचं. तिथे अंधार होता, शेजारीण रडत होती, मोकळं रडता येत होतं. तो अंधार सांभाळणं हे माझं काम होतं.

आणि 2016. एप्रिलच्या 29 तारखेला ‘सैराट’ लागला. तोवर आमची रिळं जाऊन डिजिटल आलं होतं, पण ‘झिंगाट’ला पोरं पडद्यापुढे नाचायला धावली ती तशीच, चिल्लर उधळली ती तशीच. ते सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांनी लिहिलं. मला आठवतो तो शेवट. त्या सिनेमाच्या शेवटच्या प्रसंगाला आवाजच नाही. मघाशी नाचलेली तीच पोरं खुर्चीत खिळून बसली होती. सिनेमा संपला, नावं वर सरकायला लागली, माझा हात दिव्यांच्या बटणावर होता. मी बटण दाबलं नाही. दारावरचा आमचा डोअरकीपर पडदा धरून उभा राहिला, त्यानेही दार उघडलं नाही. नावं संपेपर्यंत तसंच. मग एक-एक जण उठला. त्या दिवशी मी घाई केली असती, तर नागराज मंजुळे यांनी जे एवढ्या कष्टाने उभं केलं होतं, ते आमच्या गावात शेवटच्या घासाला सांडलं असतं.

आता तुमच्याकडे येतो.

दिव्यांपासूनच सुरुवात करतो, कारण ते सगळ्यात जास्त लागलं. त्या रविवारी शेवटचा प्रसंग चालू होता. पडद्यावर माणसं अजून बोलत होती. आणि लख्खकन सगळे दिवे लागले. दाराशी झाडू घेतलेली दोन मुलं उभी. माझी नात डोळ्यांवर हात धरून विचारते, “आबा, संपला का?” संपला नव्हता. मी बाहेर जाऊन विचारलं, तर तिथला मुलगा अदबीने म्हणाला, “काका, सगळं ऑटोमॅटिक आहे, आमच्या हातात काही नसतं.” मला माहीत आहे ते कसं ऑटोमॅटिक असतं. सर्व्हरवर प्लेलिस्ट लागते, तिच्यात दिवे कधी मंद, कधी बंद, कधी चालू याच्या खुणा घातलेल्या असतात. पण ती खूण घालतो माणूसच. त्याने सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नसतो, किंवा पुढच्या खेळाला सफाईसाठी पाच मिनिटं जास्त मिळावीत म्हणून खूण पुढे ओढलेली असते. त्या मुलाला मी बोल लावत नाही. सहा पडदे, दोन दारं आणि पॉपकॉर्नची रांग त्याच्या एकट्याच्या गळ्यात होती.

दुसरी गोष्ट उजेडाची. पांढऱ्या पडद्याच्या मध्यावर 14 फूट-लँबर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं माप) उजेड पडला पाहिजे, हे जगभरचं प्रमाण आहे, तुमच्या तंत्रज्ञांना ते पाठ असेल. झेनॉनचा दिवा जसा जुना होतो तसा मंद होत जातो, म्हणून त्याचे तास मोजून तो बदलायचा असतो. महाग असतो, हे मलाही कबूल आहे. पण दिव्याचं आयुष्य वाढवायला करंट उतरवून चालवायचा आणि तिकीट मात्र पूर्ण उजेडाचं घ्यायचं, हे बरोबर नाही. मी पाहिलेल्या चार थिएटरांपैकी एका ठिकाणी थ्रीडीची काच भिंगापुढे तशीच राहिलेली होती आणि खेळ साधा होता. ती काच निम्म्याहून जास्त उजेड खाते. रात्रीचे प्रसंग म्हणजे पडद्यावर नुसता चिखल. लोक काय म्हणतात? “जुना सिनेमा आहे, प्रिंट तशीच असेल.” बदनाम होतो सिनेमा.

मास्किंगबद्दल बोलायला मला थोडी जागा लागेल, कारण हा शब्दच तुमच्याकडून गेला आहे असं वाटतं. सगळ्या सिनेमांचा आकार एक नसतो. एखादा लांबट, एखादा उंच. म्हणून पडद्याच्या कडांना काळं कापड असतं, ते सरकवून पडदा त्या त्या सिनेमाच्या मापाचा करायचा. काळी कड जवळ आली, की चित्राची रेघ सुरीसारखी उठून दिसते, उजेड जास्त भासतो, आणि भिंत नाहीशी होते. मघाशी सांगितलं, मिनर्व्हात पडदा उघडत गेला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. तो गोळा म्हणजे मास्किंग. तुमच्याकडे चित्राच्या वर-खाली करड्या रंगाचे पट्टे उघडे पडलेले असतात आणि त्यावर एक्झिटच्या पाटीचा लाल उजेड. काही ठिकाणी कापड आहे, मोटरही आहे, पण बंद पडली ती पडली. कित्येक नव्या थिएटरांत तर कापड बसवलेलंच नाही.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. मिश्रण करणारा माणूस आपल्या स्टुडिओत सात आकड्यावर आवाज ठेवून काम करतो, म्हणजे थिएटरात फेडर (आवाज कमी-जास्त करायचं बटण) सातावर असेल तर त्याला हवं ते ऐकू येतं. आजचे काही सिनेमे कानठळ्या बसवतात, तेव्हा खाली घ्या, कुणी अडवलं आहे? पण एका प्रेक्षकाने तक्रार केली म्हणून चारावर आणलेला फेडर पुढचे आठ दिवस प्रत्येक सिनेमाला चारावरच राहतो. कारण वर न्यायला कुणी आत येऊन ऐकतच नाही.

जाहिरातींबद्दल. राष्ट्रगीताला आम्ही उभे राहतो, तंबाखूची सूचना कायद्याने आहे, त्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पण तिकिटावर साडेतीन छापायचे आणि सिनेमा चारला सुरू करायचा? बंगळुरूच्या एका प्रेक्षकाने पंचवीसेक मिनिटं जाहिरातींत गेली म्हणून ग्राहक आयोगात दाद मागितली, 2025 च्या फेब्रुवारीत निकाल त्याच्या बाजूने लागला आणि पुढे तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कोर्टाचं कोर्ट बघेल. मी केबिनमधला माणूस म्हणून सांगतो: प्रेक्षक अंधारात येऊन बसतो तेव्हा त्याचं मन पहिल्या काही मिनिटांत तयार होतं. ती मिनिटं तुम्ही घरांच्या आणि सोन्याच्या जाहिरातींना विकता आणि सिनेमाला थकलेला माणूस मिळतो. इंटर्व्हलनंतर तर त्या दिवशी सिनेमा सुरू झाला तरी दिवे चार मिनिटं चालूच होते, कारण ऑर्डर घेणारा मुलगा रांगांतून फिरत होता.

आणि पैसे. घरचे चौघं आले तर तिकिटं, गाडी आणि खाणं मिळून मजुरी करणाऱ्याची आठवड्याची कमाई जाते. 23 सप्टेंबर 2022 ला तुम्हीच 75 रुपयांत सिनेमा दाखवला होता ना? थिएटरं भरून वाहिली. म्हणजे लोकांना सिनेमा नको झालेला नाही. आता 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्के झाला आहे, त्यावरच्या तिकिटावर 18 टक्केच आहे. आमच्याकडे पुढचा पिट होता, तिथे हमाल, रिक्षावाले, शाळा चुकवलेली पोरं बसायची. शिट्टी, टाळी, हुंदका आधी तिथून उठायचा आणि मागे बाल्कनीपर्यंत जायचा. तुम्ही पिट काढून टाकला. मग मागच्या रिक्लायनरवर बसलेल्यालाही ते पूर्वीसारखं अंगावर का येत नाही, याचं कारण वेगळं शोधायला नको.

मी डिजिटलच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. रिळं तुटायची, ओरखडे पडायचे, लांबच्या गावी प्रिंट पोहोचायची ती झिजून. आमच्या थिएटरात आणि शेजारच्या गावात कित्येकदा एकच प्रिंट चालायची. अर्ध्या तासाच्या फरकाने खेळ, आणि पोरगा स्कूटरवर रीळ घेऊन धावायचा. आज आमच्या तालुक्यालाही मुंबईइतकंच स्वच्छ चित्र पहिल्या दिवशी मिळू शकतं. तुमची यंत्रं आमच्यापेक्षा शंभर पटीने चांगली आहेत. म्हणूनच जीव तुटतो. आम्ही दोन कांड्या आणि एका भोंग्यावर जे उभं करत होतो, ते एवढ्या यंत्रांवर तुम्हाला उभं करता येत नाही, कारण बघणारं कुणी नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक खेळाची पहिली दहा मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं तुमचा एक शिकलेला माणूस आत उभा राहून पडदा बघेल, आवाज ऐकेल, आणि त्याला तो तिथल्या तिथे दुरुस्त करायचा अधिकार असेल. पडदे सहा असतील तर माणसं वाढवा. ही माझी पहिली मागणी, आणि बाकीच्या नाही मानल्यात तरी ही माना.

सिनेमातलं शेवटचं नाव वर जाईपर्यंत दिवे पूर्ण लावू नका. पायऱ्यांचे छोटे दिवे पुरतात.

महिन्यातून एकदा प्रत्येक पडद्याचा उजेड मोजा आणि आकडा बुकिंगच्या खिडकीपाशी लावा. वजनकाट्यावर शिक्का असतो तसा. मास्किंग जिथे आहे तिथे चालू करा, नव्या थिएटरात ते वगळू नका.

तिकिटावर दोन वेळा छापा: दार उघडण्याची आणि सिनेमा सुरू होण्याची.

प्रत्येक खेळाला पुढच्या दोन रांगा 100 रुपयांच्या आत द्या. बाहेरचं खाणं अडवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या जानेवारीत तुम्हाला दिला. पिण्याचं पाणी फुकट द्यायचं हेही त्यातच आहे. ते पाणी संडासाच्या बोळात न ठेवता समोर ठेवा.

नातीला मी पुन्हा आणणार आहे. एकदा घरच्या टीव्हीपेक्षा मोठं काही तिच्या अंगावरून गेलं पाहिजे, ही माझी इच्छा आहे, आणि ते माझ्या घरात मला करून दाखवता येत नाही. ते फक्त तुमच्या अंधारात होऊ शकतं.

तुमच्या मुलांना शिकवायला माणूस नाही असं म्हणू नका. थिएटरं बंद पडून घरी बसलेले माझ्यासारखे ऑपरेटर प्रत्येक तालुक्यात सापडतील. मी स्वतः एसटीने यायला तयार आहे. पैसे नकोत. मॅटिनीच्या आधी एक तास द्या, एक शिडी द्या, आणि पडदा रिकामा ठेवा.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर
जिल्हा सातारा